राज्यकर्त्याने वीराच्या दारी जावे काय?

(द्वितीय वर्ष, कला)

रणांगणावर सैनिक पडला म्हणजे त्याच्या घरच्यांचे सांत्वन कोणी करावे? नातेवाइकांनी, गावकऱ्यांनी आणि पलटणीतील सोबत्यांनी ते करावे याबद्दल कोणाचेच दुमत नाही. प्रश्न आहे तो राज्यकर्त्यांचा. ज्याच्या हुकमाने तो सैनिक सीमेवर गेला, त्या राजाने, पंतप्रधानाने किंवा मंत्र्याने त्याच्या दारी जावे काय? इतिहासाच्या तासाला हा विषय निघाला तेव्हा वर्गात सरळ दोन तट पडले. एक पक्ष म्हणाला, अवश्य जावे, तो राज्यकर्त्याचा धर्मच आहे. दुसरा पक्ष म्हणाला, मुळीच जाऊ नये, कारण पुढारी एकटे येत नाहीत, त्यांच्यामागून छायाचित्रकार येतात. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे असे मला वाटले. म्हणून या प्रश्नाचा इतिहासाच्या आधारे थोडा मागोवा घ्यावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

प्रथम सांत्वन म्हणजे काय ते पाहू. आपल्या कोकणात कोणाकडे मयत झाले म्हणजे दुखवट्याला जाण्याची रीत आहे. त्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारचे घर जेवण पोचवते. भेटायला जाणारा माणूस फारसे बोलत नाही. ओटीवर बसतो, गेलेल्या माणसाची एखादी आठवण काढतो आणि थोड्या वेळाने उठतो. या साध्या रिवाजात तीन गोष्टी आहेत. जाणारा स्वतः जातो, गेलेल्याचे नाव घेतो आणि त्या घराची अडचण थोडीबहुत भागवतो. राज्यकर्त्यांच्या सांत्वनालाही हीच कसोटी लावायला हरकत नाही. तो स्वतः आला काय? त्याने नाव घेतले काय? आणि त्या घराच्या भाकरीची सोय केली काय?

प्राचीन दाखले

महाभारतातील स्त्रीपर्वात याचा पहिला मोठा दाखला सापडतो. युद्ध संपले आहे, गांधारीचे शंभर पुत्र मारले गेले आहेत, आणि विजयी युधिष्ठिराला तिच्यापुढे जायचे आहे. तो जातो. तुझ्या पुत्रांचा घात करणारा तो मीच, शाप देण्याजोगा आहे, असे हात जोडून सांगतो. डोळ्यांवरील पट्टीच्या कडेतून गांधारीची नजर त्याच्या पायांच्या बोटांवर पडते आणि त्याची नखे विद्रूप होतात, असे व्यास सांगतात. अर्जुन ते पाहून कृष्णाच्या मागे सरकतो. युधिष्ठिर मात्र जागचा हलत नाही. पुढे तो युद्धात पडलेल्या सर्वांचे अंत्यविधी करवतो आणि ज्यांना कोणी वाली उरला नाही त्यांचीही व्यवस्था करवतो. सांत्वनाला जाणाऱ्या राजाने दुसऱ्याचा राग अंगावर घेण्याची तयारी ठेवली पाहिजे, हा या कथेतील मोठा धडा आहे. शोकाकुल घरात आपले स्वागत होईल या अपेक्षेने जो जातो, तो सांत्वनाला गेला असे म्हणता येणार नाही.

दुसरा दाखला सम्राट अशोकाचा. कलिंगच्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख माणसांना पकडून नेण्यात आले, असे त्याने आपल्या तेराव्या शिलालेखात स्वतःच कोरवून ठेवले आहे. नुसत्या मृतांचा आकडा देऊन तो थांबत नाही. जे स्वतः वाचले पण ज्यांच्या आप्तस्नेह्यांवर संकट कोसळले, त्यांच्या दुःखाचाही तो उल्लेख करतो. जगाच्या इतिहासात एखाद्या विजेत्याने असा पश्चात्ताप जाहीर केल्याची उदाहरणे थोडी आहेत. परंतु एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कलिंग देशातील धौली आणि जौगड या दोन ठिकाणी अशोकाचे शिलालेख आहेत, पण त्यांत हा तेरावा लेख नाही. तेथे त्याच्या जागी निराळे लेख कोरलेले आहेत. ज्यांची माणसे गेली, त्यांच्याच प्रदेशात राजाचा पश्चात्ताप कोरला गेला नाही! यामागचे कारण राजकीय असावे असे अभ्यासक म्हणतात. कारण काहीही असो, दुःखाचे शब्द दूरदूरच्या प्रांतांत पोचले आणि दुःखी घरांच्या गावी मात्र पोचले नाहीत. आपल्या काळातही असे घडताना दिसते.

शिवकाल

महाराष्ट्रात या विषयाची चर्चा छत्रपती शिवाजी महाराजांच्या उल्लेखावाचून होऊच शकत नाही. कृष्णाजी अनंत सभासद याने १६९७ साली जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिली. १६५९ मधील अफजलखानाच्या प्रसंगानंतर महाराजांनी काय केले, ते त्याने तीत नोंदवले आहे. लढाईत जे पडले त्यांच्या मुलांना चाकरीत घेऊन चालवले. ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या बायकांना निम्मे वेतन लावून दिले. जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिली. येथे सांत्वनाचे भाषण नाही, पण व्यवस्था आहे. विधवेला निम्मे वेतन हे आजच्या भाषेत कुटुंब निवृत्तिवेतनच झाले. साडेतीनशे वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या कुशीत ही कल्पना रुजली होती, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

तानाजी मालुसरे १६७० साली सिंहगडावर पडले. त्यांच्या मुलाचे, रायबाचे, लग्न ठरले होते. ते महाराजांनी स्वतः उमरठ्याला जाऊन लावून दिले, असे परंपरा सांगते. उमरठे हे गाव पोलादपूर तालुक्यात, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या शेजारीच आहे. ज्या घरचा कर्ता गेला, त्या घरचे अडलेले कार्य राजाने पार पाडावे, ही लोकांची अपेक्षा या कथेत स्पष्ट दिसते. अपेक्षा खोल रुजलेली असते तेव्हाच अशा कथा टिकतात.

तिसरे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते प्रतापराव गुजरांचे. बहलोलखानाला सोडून दिल्याबद्दल महाराजांनी त्यांना कठोर शब्दांत पत्र लिहिले. ते शब्द प्रतापरावांना इतके लागले की, फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीजवळ ते मोजक्या स्वारांनिशी शत्रूवर तुटून पडले आणि ठार झाले. या मृत्यूला महाराजांचा शब्द कारण झाला होता, हे महाराजांनाही कळत होते. मार्च १६८० मध्ये, म्हणजे आपल्या निधनापूर्वी थोडेच दिवस, त्यांनी आपला पुत्र राजाराम याचे लग्न प्रतापरावांची कन्या जानकीबाई हिच्याशी लावून दिले. सेनापतीची मुलगी राजाची सून झाली. राज्यकर्त्याच्या आज्ञेत आणि सैनिकाच्या मृत्यूत जो संबंध असतो, तो मान्य करण्याचे हे उदाहरण आहे. माझ्या मते सांत्वनाचा पाया हाच आहे. राज्यकर्ता परका म्हणून वीराच्या दारी येत नाही. त्या मृत्यूशी त्याचा संबंध असतो म्हणून तो येतो.

पानिपत आणि ‘खुर्दा’

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. त्याची वार्ता सांकेतिक भाषेतील एका पत्राने कळली असे सांगतात. त्या पत्रात विश्वासराव आणि सदाशिवराव हे दोन मोती झाले, सरदार मोहरा झाले आणि सामान्य माणसे रुपये व खुर्दा झाली. मोती मोजले होते, मोहराही मोजल्या होत्या. खुर्द्याची मात्र गणतीच नव्हती. पुत्र आणि बंधू गेल्याच्या धक्क्याने नानासाहेब पेशवे जून १७६१ मध्ये पर्वतीवर वारले. पेशव्याचे दुःख खरे होते, यात शंका नाही. पण त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या हजारो घरांत तेच दुःख होते. त्या खुर्द्यालाही आई होती, बायको होती, लेकरे होती. मोत्यांचा शोक इतिहासात लिहिला गेला. खुर्द्याचा शोक ओटीवर आणि माजघरातच राहिला. राज्यकर्त्याने सामान्य सैनिकाच्या घरी जावे असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा खुर्द्यालाही नाव असते एवढेच आपले म्हणणे असते.

दापोली ते बसरा

इंग्रजी अमदानीत आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचा सैन्याशी संबंध अधिकच घट्ट झाला. दापोलीला इंग्रजांची छावणी होती आणि सैन्यातून निवृत्त झालेली पुष्कळ कुटुंबे तेथे राहत. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीत राहिले. कोकणातील महार समाजाने पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजांच्या पलटणींत नोकरी केली, रक्त सांडले. भीमा कोरेगावच्या स्तंभावर त्यांची नावेही कोरली गेली. असे असूनही १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. दापोलीत राहणारे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली याविरुद्ध अर्ज तयार केला. आमच्या वाडवडिलांनी सेवा केली, मग आम्हालाच दार बंद का, हा त्या अर्जाचा आशय होता. महार रेजिमेंट उभी राहण्यास १९४१ साल उजाडावे लागले. एखाद्या घरातील माणूस सरकारसाठी मरतो आणि तेच सरकार त्याच्या मुलाला दारातून परत पाठवते, तेव्हा सांत्वनाच्या शब्दांना काय किंमत राहते? न्याय नसेल तर सांत्वन पोकळ ठरते, ही गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातूनच शिकता येते.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसापोटेमियात लढल्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी सापडल्या होत्या. एप्रिल १९१६ मध्ये तेथील फौजेने उपासमारीने शरणागती पत्करली. युद्ध संपल्यावर ब्रिटिश सरकारने मृतांच्या वारसांना ब्राँझची एक गोल तबकडी पाठवली. तीवर मृताचे नाव असे, हुद्दा नसे. मरणात सर्व सारखे, ही त्यामागची कल्पना होती. सोबत राजा पंचम जॉर्ज यांच्या सहीचा छापील संदेश असे. राजाने पाठवलेले हे सांत्वन होते. आमच्या पंचक्रोशीत एका घरी अशी तबकडी मी पाहिली आहे. घरात कोणालाच इंग्रजी येत नव्हते. कित्येक वर्षे ती पाण्याच्या कळशीवर झाकण म्हणून वापरली जात होती. तिच्यावर आपल्याच पणजोबांचे नाव आहे, हे त्या घराला तिसऱ्या पिढीत कळले. राजाचे सांत्वन समुद्र ओलांडून आले, पण ते वाचून दाखवायला कोणी आले नाही.

त्याहून मोठा अन्याय बसऱ्याला झाला. मेसापोटेमियात पडलेल्या आणि ज्यांच्या समाध्या नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी १९२९ साली बसरा येथे स्मारक उघडण्यात आले. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली गेली, हिंदी अंमलदारांचीही कोरली गेली. सामान्य हिंदी शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या देण्यात आली. पानिपतचा खुर्दा बसऱ्यालाही खुर्दाच राहिला! २०२१ साली राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने या विषमतेची चौकशी करून जाहीर माफी मागितली. शंभर वर्षांनी मागितलेली ही माफी स्वागतार्ह आहे, पण ती ऐकायला त्या शिपायांच्या बायका उरल्या नव्हत्या.

दुसऱ्या महायुद्धात इटलीत १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने शत्रूचे मशीनगनचे ठाणे काबीज केले आणि तेथेच त्यांना वीरमरण आले. ते माणगाव तालुक्यातील. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि तो त्यांच्या पत्नीच्या हाती व्हाइसरॉयने दिला. माणगावात आज त्यांचा पुतळा आहे. साम्राज्याचा प्रतिनिधी एका कोकणी शेतकरी घरातील स्त्रीसमोर उभा राहिला, ही गोष्ट लहान नव्हे. तथापि असा मान हजारांत एखाद्या घराला मिळतो. पदक न मिळता जे पडले, त्यांचे घरही तितकेच रिकामे झालेले असते.

स्वातंत्र्यानंतर

१९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत बहुतेक सैनिकांचे अंत्यसंस्कार रणभूमीजवळच झाले. घरी तार आली आणि मागाहून त्यांची पेटी आली. डिसेंबर १९७१ मध्ये आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका दीवजवळ बुडाली. तिच्याबरोबर कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नाविक गेले. त्यांच्या घरी देह आलाच नाही. १९९९ च्या कारगिल युद्धापासून चित्र बदलले. तेव्हापासून सैनिकांचे पार्थिव देह त्यांच्या गावी पोचवण्याची व्यवस्था झाली. तिरंग्यात लपेटलेली पेटी गावात येऊ लागली, बंदुकीच्या फैरींची सलामी होऊ लागली आणि मंत्री, जिल्हाधिकारी अंत्यदर्शनाला येऊ लागले. आमच्या वर्गात जो वाद झाला, तो या बदलामुळे उभा राहिलेला आहे. पूर्वी मृत्यू दूर घडत होता, म्हणून राज्यकर्त्याने दारी जावे की नाही हा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता. आता मृत्यू दाराशी येतो आणि त्याच्याबरोबर कॅमेरेही येतात.

कॅमेऱ्याचा दोष सांत्वनाला लावणे मला पटत नाही, पण दोष आहे हे नाकारताही येत नाही. नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील हल्ल्यात मेजर संदीप उन्नीकृष्णन यांना वीरमरण आले. त्यांच्या वडिलांनी बंगळूरमधील आपल्या घरी आलेल्या एका मुख्यमंत्र्यांना भेटण्यास नकार दिला. याच हल्ल्यात हेमंत करकरे धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नीने दुसऱ्या एका राज्याच्या सरकारने देऊ केलेली मोठी रक्कम स्वीकारली नाही. या दोन्ही नकारांचा देशाने आदर केला. सांत्वन स्वीकारावे की नाकारावे, हा हक्क त्या घराचाच आहे. दार ठोठावणे हे राज्यकर्त्याचे काम, उघडणे न उघडणे हे घरधन्याच्या मर्जीवर. दार उघडले नाही म्हणून ज्याला राग येतो, त्याने युधिष्ठिराची नखे आठवावीत.

सैनिकांच्या नावाचा गैरवापरही झाला. मुंबईतील ‘आदर्श’ सोसायटीच्या प्रकरणात कारगिलच्या वीरांचे नाव पुढे केले गेले. त्या प्रकरणी २०१० साली तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. परदेशातही निराळे नाही. अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांच्या सांत्वनपत्रांवर यंत्राने सही होत असल्याचे २००४ साली उघड झाले आणि यापुढे आपण हाताने सही करू, असे त्यांना जाहीर करावे लागले. उलट ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन स्वतःच्या हाताने पत्रे लिहीत. पण २००९ साली एका मातेला लिहिलेल्या पत्रात नावाचे स्पेलिंग चुकले आणि ती माता दुखावली. एकाने नाव नीट लिहिले पण हात लावला नाही, दुसऱ्याने हात लावला पण नाव चुकवले. दुःखी माणसाला या दोन्ही गोष्टी लागतात. त्याचे मन आधीच ओले असते, त्यावर प्रत्येक ठसा उमटतो.

काही आक्षेप

आता विरुद्ध पक्षाच्या दोन आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, सैनिकाच्याच घरी का जावे? वादळात होडी बुडून खलाशी मरतो, कर्जाने शेतकरी मरतो, त्यांच्या घरी मंत्री का येत नाहीत? हा प्रश्न आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना नवा नाही. शासनाने त्यांचीही विचारपूस केलीच पाहिजे. पण येथे एक फरक आहे. खलाशाला समुद्रावर जाण्याचा हुकूम कोणी दिलेला नसतो. सैनिकाला हुकूम असतो, आणि तो मोडण्याची त्याला मुभा नसते. हुकूम देणाऱ्याची जबाबदारी हुकूम पाळणाऱ्याच्या मृत्यूने संपत नाही, उलट तेथून ती सुरू होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. राज्यकर्ता जर प्रत्येक आईचे अश्रू पाहू लागला, तर देशाच्या संरक्षणासाठी आवश्यक असलेला कठोर निर्णय तो कसा घेणार? मला याचे उत्तर उलट दिशेने द्यावेसे वाटते. अमेरिकेतील यादवी युद्धात अध्यक्ष लिंकन यांनी मृत सैनिकांच्या घरी पत्रे लिहिली. १८६४ साली बॉस्टनमधील एका मातेला लिहिलेले त्यांचे पत्र जगप्रसिद्ध आहे. तिचे पाच पुत्र गेल्याचे त्यांना कळवण्यात आले होते, प्रत्यक्षात दोन गेले होते हे पुढे स्पष्ट झाले. माहिती चुकीची निघाली तरी अध्यक्षाने त्या मातेला लिहावे हे त्यांना आवश्यक वाटले होते. आणि अशी पत्रे लिहिणाऱ्या लिंकनने युद्ध अर्धवट सोडले नाही. आईचे अश्रू पाहणारा राज्यकर्ता दुबळा होत नाही. त्याचा निर्णय अधिक जपून घेतला जातो, एवढेच.

जिवंत असल्याचा दाखला

या लेखाचा शेवटचा मुद्दा मला अभ्यासातून सुचलेला नाही. आमच्या घरात महाविद्यालयात आलेली मी पहिली. त्यामुळे वाडीतील सरकारी कागद वाचण्याचे काम माझ्याकडे येते. त्यांत सैनिकाच्या एका विधवेचे कागद असतात. काकींना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. त्यासाठी दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण अजून जिवंत आहोत, हे त्या सरकारला लिहून देतात! एका वर्षी नावातील एका अक्षराच्या फरकावरून त्यांचे पैसे अडकले आणि एसटीने तीन खेपा घालाव्या लागल्या. त्यांच्या यजमानांच्या अंत्ययात्रेला गावात कधी नव्हे इतक्या मोटारी आल्या होत्या, असे लोक सांगतात. त्या तीन खेपांत एकही मोटार आली नाही. त्यांची यावर तक्रार नाही. त्या म्हणतात, “आले होते ते बरे वाटले हो. पण त्यानंतर कोणी विचारले असते तर अधिक बरे वाटले असते.” आमच्या वर्गातील वादाचा निकाल मला या वाक्यात सापडला. येऊ नये असे काकी म्हणत नाहीत. एकदा येऊन थांबू नये, असे त्यांचे म्हणणे आहे.

कायद्यानेही कधी सांत्वन होते आणि कधी जखम होते. शौर्यपदकाबरोबर मिळणारा भत्ता सैनिकाच्या विधवेने पुनर्विवाह केल्यास बंद होई. दिराशी विवाह केला तरच तो चालू राही. ही अट २०१७ साली काढून टाकण्यात आली. एका अटीचे हे कलम गेले, त्याने किती पुष्पचक्रांपेक्षा अधिक सांत्वन झाले असेल! साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नीने सैन्यात जाण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा वयाची अट शिथिल करण्यात आली आणि २०१७ साली त्या अधिकारी झाल्या. सभासदाने नोंदवलेली व्यवस्था पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेण्याची होती. येथे वीरपत्नीनेच ती जागा स्वतःच्या कर्तृत्वाने घेतली.

समारोप

एकंदरीत माझे मत असे झाले आहे. राज्यकर्त्याने वीराच्या दारी अवश्य जावे. मात्र बोलावणे नसेल तर दाराबाहेर थांबण्याची तयारी ठेवावी आणि छायाचित्रकारांना गावाच्या वेशीवर ठेवावे. सैनिकाचे नाव, गाव आणि पलटण यांची नीट माहिती घेऊन जावे. आश्वासन द्यायचे असेल तर त्याची तारीख लिहून द्यावी. आणि पुढच्या नोव्हेंबरात त्या घराचे कागद कोठे अडले आहेत काय, याची चौकशी आपल्या कचेरीतून करावी. हे शेवटचे काम कोणी पाहत नाही, म्हणून तेच खरे.

आपण विद्यार्थी या बाबतीत अगदीच असहाय नाही. दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो. १९४९ पासून हा दिवस पाळला जातो आणि त्याचा निधी माजी सैनिक व वीरपत्नी यांच्या कल्याणासाठी खर्च होतो. आपण छोटा ध्वज छातीवर लावतो, डब्यात पैसे टाकतो आणि विसरून जातो. राष्ट्रीय सेवा योजनेतील आपल्या गटाने यंदा ध्वजदिनापूर्वीचा नोव्हेंबर महिना हाती घ्यावा, अशी मी सूचना करते. आपापल्या गावातील सैनिकांच्या विधवांची यादी करावी. ज्यांना कागद वाचता येत नाहीत त्यांना ते वाचून दाखवावेत, आणि हयातीच्या दाखल्यासाठी त्यांच्याबरोबर एक खेप आपण घालावी. एसटीचे भाडे फार नाही. ज्या प्राध्यापकांची संमती असेल आणि ज्यांना यायचे असेल, त्यांनी आपली नावे माझ्याकडे द्यावीत. काकींचे नाव मी यादीत पहिले लिहिले आहे.